गव्हावांचून पाव : ज्वारीच्या पिठाचे कांहीं घरगुती प्रयोग

ज्वारीच्या पिठाचा पाव होत नाहीं अशी समजूत आमच्या भागांत सर्वत्र आहे, आणि दोन वर्षांपूर्वीं कोणीं विचारलें असतें तर आम्हींहि तेंच उत्तर दिलें असतें. गडचांदूर हें आज सिमेंटच्या कारखान्यांचें गांव म्हणून ओळखलें जातें; परंतु भोंवतालची जमीन काळी व भारी असून कोरपना व राजुरा या तालुक्यांत ज्वारी हेंच पूर्वीं रोजच्या जेवणाचें धान्य होतें. गहूं सणावारीं पोळीपुरता निघे. आतां शेतांत कापूस, सोयाबीन व तूर आहे, आणि ताटांत रोज गव्हाची पोळी आहे. हा पालट इतका हळूहळू झाला कीं त्याची जाणीव होण्यास आमच्या घरीं एक आजार यावा लागला.

आमच्या पुतण्याची मुलगी सातव्या वर्षीं वयाच्या मानानें फार खुरटलेली दिसूं लागली. पोट फुगलेलें, हातपाय काडीसारखे, दिवसांतून तीनचार वेळां पातळ शौचास होणें, आणि चेहरा पांढराफटक. आमच्या जिल्ह्यांत मूल असें निस्तेज दिसलें कीं प्रथम सिकलसेलची शंका घेतात, नंतर जंतांची. आणि तें योग्यच आहे, कारण हे दोन्ही विकार येथें पुष्कळ आढळतात. मुलीची दोन्ही प्रकारें तपासणी झाली, जंतांचें औषध झालें, लोहाच्या गोळ्या सहा महिने झाल्या. तरी रक्त वाढेना. शेवटीं नागपुरास रक्ताची एक निराळी तपासणी झाली व लहान आंतड्याचा कणभर तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखालीं पाहण्यांत आला, तेव्हां सीलिॲक नांवाचा विकार ठरला. यास औषध नाहीं. गहूं, जव व राय हीं तीन धान्यें जन्मभर वर्ज्य करावीं, एवढीच काय ती चिकित्सा.

या विकारांत गव्हांतील ग्लुटेन नांवाच्या प्रथिनामुळें शरीर आपल्याच आंतड्याशीं वैर धरतें. आंतड्याच्या आंतील बाजूस मखमलीच्या लवेसारखे बारीक अंकुर असतात व त्यांच्या द्वारें अन्नरस शोषला जातो. ते अंकुर झिजून सपाट झाले म्हणजे मूल पोटभर जेवूनहि उपाशीच राहतें. गहूं बंद केला कीं अंकुर पुन्हां वाढतात. १९४० च्या सुमारास हॉलंडांतील विलेम डिके नांवाचे बालरोगवैद्य याच गोष्टीच्या मागें होते. युद्धाच्या अखेरीस, १९४४-४५ च्या हिवाळ्यांत, त्या देशांत दुष्काळ पडून पाव मिळेनासा झाला, तेव्हां इतर मुलें अशक्त होत असतां या विकाराचीं मुलें सुधारूं लागलीं, व पाव परत मिळूं लागतांच पुन्हां आजारी पडलीं. डिके यांनीं आपला प्रबंध १९५० मध्यें सादर केला, आणि दोष गव्हाचा हें सिद्ध झालें. हिंदुस्थानांत २०१६ मध्यें प्रसिद्ध झालेल्या पाहणींत उत्तरेकडे हजार प्रौढ माणसांत सुमारें बारा व दक्षिणेकडे हजारांत एक असें या विकाराचीं प्रतिद्रव्यें रक्तांत असणारांचें प्रमाण आढळलें. हा फरक पुष्कळ अंशीं गहूं खाण्याच्या फरकाशीं जुळतो.

येथें एक सूचना आग्रहानें करावीशी वाटते. मुलास हा विकार असावा अशी शंका आल्यास तपासणीपूर्वींच गहूं बंद करूं नये. गहूं बंद असतां रक्ताची तपासणी निर्दोष निघते, मग निदान अडतें, आणि पुढें मुलास कित्येक आठवडे मुद्दाम गहूं चारून पुन्हां आजारी पाडावें लागतें. आधीं तपासणी, मग पथ्य.

पथ्य आमच्यासारख्या भाकरीच्या मुलखांत सोपें, असें आम्हांस प्रथम वाटलें. ज्वारी, तांदूळ, बाजरी, मका, नाचणी यांत ग्लुटेन नाहीं. माळ्यावरचें जुनें जातें खालीं काढलें, त्यावर पूर्वीं गव्हाचा दलिया निघत असल्यामुळें पाथरवटाकडून त्यास नवी टाकी लावून घेतली, आणि आमच्या वहिनींनीं मुलीपुरती ज्वारी रोज पहाटे दळावयास सुरुवात केली. तीन महिन्यांत मुलीच्या गालांवर रंग आला. परंतु मूल तें मूल. शाळेंत इतर मुलांच्या डब्यांत पाव असे, हिच्या डब्यांत भाकर. एके दिवशीं डबा न उघडतांच परत आला, दुसऱ्या दिवशींहि तसाच. तेव्हां पावाचा विचार करणें भाग पडलें.

पाव फुगतो कशानें हें आधीं समजून घेतलें पाहिजे, नाहीं तर पीठ व मेहनत दोन्ही वायां जातात. वाचकांनीं घरीं एक प्रयोग करून पाहावा. कणकेचा लिंबाएवढा गोळा घट्ट मळून अर्धा तास ठेवावा, आणि मग वाटीभर पाण्यांत हलक्या हातानें चोळीत राहावें, पाणी पांढरें झालें कीं बदलावें. सर्व पिष्ट निघून गेल्यावर बोटांत रबरासारखा करडा, ताणला असतां लांबणारा असा चिकट पदार्थ उरतो. तेंच ग्लुटेन. बोलोनचे पंडित बेक्कारी यांनीं याच रीतीनें तें वेगळें काढलें व त्याचें वर्णन १७४५ मध्यें प्रसिद्ध झालें. आतां ज्वारीच्या पिठाचा गोळा त्याच रीतीनें धुवावा. हातांत कांहींच उरत नाहीं, गोळा विरघळून जातो. खमीर साखर खाऊन वायु सोडतें तो ज्वारीच्या पिठांतहि सोडतें. पण वायु धरून ठेवणारी ताणली जाणारी जाळी तेथें नाहीं. ज्वारींतहि प्रथिन आहे, परंतु तें दाण्यांत लहान लहान कणांत बंद होऊन बसलेलें असतें व पाणी घेत नाहीं, त्यामुळें कितीहि मळलें तरी त्याची जाळी होत नाहीं.

मग ज्वारीची भाकर तरी कशी थापली जाते? तिच्या अंगीं थोडी विरी असते म्हणून, हें प्रत्येक घरच्या बाईस ठाऊक आहे. पीठ जुनें होऊन विरी गेली कीं भाकरीच्या कडा फाटतात, आणि मग पिठांत उकळतें पाणी घालून मळतात. उकळत्या पाण्यानें पिठांतील पिष्टाचा कांहीं भाग शिजून त्याची खळ बनते व तीच पीठ बांधून धरते. पावाची अर्धी किल्ली येथेंच आहे, आणि ती शिकण्यास आम्हांस पुस्तकाकडे नव्हे, चुलीकडे पाहावें लागलें. उरलेली अर्धी किल्ली इसबगोल. इसबगोलाच्या बियांची साल, जी पोट साफ होण्यासाठीं घेतात तीच, पाण्यांत पडतांच घट्ट बुळबुळीत होते, व गव्हाच्या चिकाचें काम पुष्कळ अंशीं करते. हें पीक गुजरात व राजस्थानांत होतें. आपल्या शेतांत जवस असल्यास त्याची बारीक पूड गरम पाण्यांत भिजवूनहि तसेंच बुळबुळीत द्रव्य निघतें. केवळ जवसाच्या पुडीवर केलेला पाव आमच्या हातून जड झाला, परंतु इसबगोलास जोड म्हणून दोन चमचे घातल्यास चव सुधारते. जवस व जव हीं नांवें सारखीं असलीं तरी जवस ही अळशी असून निर्दोष आहे, आणि जव म्हणजे बार्ली या रोगांत विष आहे. बाजारांत मागतांना जीभ सांभाळावी.

आमच्या घरीं आतां जें प्रमाण ठरलें आहे तें असें. ज्वारीचें बारीक पीठ २२० ग्रॅम, तांदळाचें पीठ १३० ग्रॅम, साबुदाणा बारीक दळून केलेलें पीठ ५० ग्रॅम, इसबगोलाची साल २० ग्रॅम, मीठ ७ ग्रॅम, साखर १५ ग्रॅम, पुड्यांतून मिळणारें कोरडें खमीर म्हणजे यीस्ट ६ ग्रॅम, गोडें तेल दोन मोठे चमचे, आणि पाणी एकूण ४४० मिलिलिटर. हीं मापें वजनानें घ्यावींत. वाटीनें घेतल्यास पीठ दाबून भरलें कीं सैल भरलें यावर सर्व बिघडतें. तांदळासाठीं चांगला तांदूळ खर्च करण्याचें कारण नाहीं. मूल, सिंदेवाही, नागभीड हा आपल्या जिल्ह्याचा धानाचा मुलूख. तेथील भातगिरण्यांतून निघणारी कणी या कामास उत्तम. आम्ही एच.एम.टी. जातीची कणी वापरतों. नागभीड तालुक्यांतील नांदेड गांवचे कै. दादाजी खोब्रागडे यांनीं निवडीनें काढलेलें हें धान. या निमित्तानें त्यांची आठवण होते. कणीचा दुसरा गुण असा कीं भातगिरणींत गहूं येत नाहीं.

कृति सांगतों. ज्वारीच्या पिठांतून १०० ग्रॅम पीठ वेगळें काढून त्यावर १५० मिलिलिटर खळखळ उकळतें पाणी ओतावें व लाकडी चमच्यानें भराभर घोटून उकड करावी. पाणी नुसतें गरम असून चालत नाहीं. सुमारें ७० अंशांच्या पुढेंच पिष्ट फुलतें. उकड झांकून कोमट होऊं द्यावी. तोंपर्यंत ५० मिलिलिटर कोमट पाण्यांत साखर व खमीर घालून ठेवावें. दहा मिनिटांत फेंस आला नाहीं तर खमीर मेलेलें आहे असें समजून पुढें जाऊं नये. पाण्यांत बोट सुखानें ठेवतां आलें पाहिजे, त्याहून तें गरम असलें तर खमीर मरतें, आणि कढत उकडींत घाईनें ओतलें तरीहि तोच परिणाम. उरलेल्या २४० मिलिलिटर पाण्यांत इसबगोल एकदम टाकून लगेच ढवळावा, पांच मिनिटांत त्याचा घट्ट गोळा होतो. नंतर सर्व एकत्र करून, तेल व मीठ घालून, हातानें पांचसात मिनिटें मळावें. हा गोळा कणकेसारखा लवचीक होणार नाहीं. थालीपिठाच्या पिठाहून किंचित सैल, हातास थोडा चिकटणारा असा झाला म्हणजे योग्य. घट्ट वाटतो म्हणून पाणी वाढवूं नये व सैल वाटतो म्हणून पीठ घालूं नये. दहा मिनिटें थांबलें कीं इसबगोल आणखी पाणी ओढून घेतो.

गव्हाचा पाव करणारे पीठ एकदां फुगवून, दाबून, पुन्हां फुगवितात. आम्हींहि प्रथम तसेंच केलें व तीन वेळां वीट भाजली. ज्वारीच्या पिठांत वायु एकदाच सांपडतो. दाबून काढला कीं तो परत येत नाहीं. म्हणून मळलेला गोळा लगेच, दीड लिटर पाणी मावेल अशा तेल लावलेल्या उभट डब्यांत घालून, ओल्या हातानें माथा गुळगुळीत करून झांकून ठेवावा. दुप्पट होण्याची वाट पाहूं नये. मूळच्या दीडपट झाला कीं भाजावयास घ्यावा, अधिक थांबल्यास भाजतांना माथा खचतो. थंडींत यास तास लागतो. चंद्रपूरच्या वैशाखांत अर्ध्या तासाच्या आंत काम होतें, आणि दुपारीं तर पाहतां पाहतां पीठ डब्याबाहेर येतें; उन्हाळ्यांत पहाटेच करावें हें बरें.

भट्टी नसली तरी अडत नाहीं. विजेची भट्टी असल्यास ती २१० अंशांवर तापवून ५५ मिनिटें भाजावें. नसल्यास जाड बुडाच्या मोठ्या पातेल्यांत दोन बोटें कोरडी वाळू पसरून, वर तिवई ठेवून, घट्ट झांकण लावून पंधरा मिनिटें मोठ्या आंचेवर तापवावें. मग डबा तिवईवर ठेवून मध्यम आंचेवर सव्वा तास भाजावें. कुकर वापरल्यास त्याची रबरी कडी व शिटी दोन्ही काढूनच वापरावा. पातेल्यांतील पावाचा माथा पांढुरका राहतो. चुलीवर करणारांनीं झांकणावर निखारे ठेवले तर तोहि तांबूस होतो. पाव डब्यांतून काढून बुडाशीं बोटानें वाजविला असतां पोकळ आवाज आला पाहिजे.

यापुढील नियम सर्वांत कठीण, कारण तो मुलांस पाळवत नाहीं. पाव निदान दोन तास निवूं द्यावा. गरम कापला तर आंत चिकट लगदा दिसतो व कच्चा राहिला असें वाटतें. वास्तविक पिष्ट निवतांना बसतें व तेव्हांच पाव कापण्यासारखा होतो. आमचे पहिले दोनतीन चांगले पाव या उतावळीनें गुरांस गेले. दुसऱ्या दिवशीं हा पाव कोरडा पडतो. शीतपेटींत ठेवल्यास अधिकच लवकर शिळा होतो. फडक्यांत गुंडाळून बाहेर ठेवावा, आणि काप तव्यावर थोड्या तेलावर शेकून द्यावे. बाजारच्या पावाइतका हलका तो नाहीं, हें प्रामाणिकपणें सांगितलें पाहिजे. चव मात्र भाकरीची आहे, आणि ज्यास भाकर आवडते त्यास तो आवडतो. मुलीच्या डब्यांतून पाव रिकामा होऊन येऊं लागला.

आणि त्याच महिन्यांत तिचें पोट पुन्हां बिघडलें.

आम्ही प्रथम खमिरास दोष दिला, मग इसबगोलास. दोन्ही बंद करून पाहिलीं, गुण नाहीं. पंधरा दिवसांनीं वहिनींच्या लक्षांत खरें कारण आलें. पावास जात्याचें जाडें पीठ चालत नाहीं म्हणून आम्ही ज्वारी गिरणींतून दळून आणूं लागलों होतों, आणि सोयीसाठीं त्याच पिठाच्या भाकरीहि होऊं लागल्या होत्या. त्या गिरणीच्या एकाच दगडावर दिवसभर गहूं दळला जातो. गिरणीवाल्याचा यांत कांहीं अपराध नाहीं. त्यास आम्हीं सांगितलेंच नव्हतें.

किती गव्हानें बिघडतें याचा हिशेब शेतकऱ्यानें एकदां करून पाहण्यासारखा आहे. अन्नसुरक्षेच्या नियमांप्रमाणें ग्लुटेनविरहित म्हणविण्यासाठीं किलोभर पदार्थांत ग्लुटेन २० मिलिग्रॅमहून अधिक असूं नये. गव्हाच्या पिठांत ग्लुटेन शेंकडा आठदहा धरलें, तर किलोभर ज्वारीच्या पिठांत गव्हाचें पीठ सुमारें पाव ग्रॅम मिसळलें कीं मर्यादा संपली. दाण्यांत मोजावयाचें तर किलोमागें गव्हाचे पांचसहा दाणे. गिरणीच्या पेटींत व दगडाच्या टाक्यांत यापेक्षां कितीतरी पट पीठ सदा अडकलेलें असतें. सकाळीं पहिलें दळण आपलें लावावें व आधीं पांच किलो स्वतःचीच ज्वारी दळून ती गुरांस घालावी, असा एक उपाय सुचविला जातो. त्यानें भेसळ कमी होते, पण जाते असें म्हणतां येत नाहीं, व रोग्याच्या बाबतींत आम्ही त्यावर भरंवसा ठेवीत नाहीं. आम्हीं घरगुती विजेची लहान चक्की घेतली. तींत ज्वारी, तांदूळ व साबुदाणा यांशिवाय कांहीं जात नाहीं. शेजारणीनें एकदां कणकेसाठीं मागितली तेव्हां नाहीं म्हणणें फार जड गेलें. चाळणी, पोळपाट, तवा हींहि वेगळीं ठेवलीं. दीड महिन्यांत मूल पुन्हां रुळावर आलें.

गहूं जेथें दिसत नाहीं तेथेंहि तो असतो. यांत सर्वांत फसवा पदार्थ म्हणजे हिंग. बाजारांतील बांधानी हिंगांत बहुधा मैदा किंवा गव्हाचें पीठ घातलेलें असतें; त्यामुळें फोडणींतून, लोणच्यांतून, पापडांतून गहूं पोटांत जातो. पुडीवरील बारीक अक्षरें वाचून तांदळाच्या पिठांत किंवा डिंकांत बांधलेला हिंग घ्यावा, अथवा हिंग सोडावा. रवा व शेवया हा गहूंच. माल्ट घातलेलीं पेयें जवाचीं. सातूचें पीठ म्हणून जें मिळतें त्यांत गहूं किंवा जव असतोच. लग्नकार्यांतील पंगतींत मुलीस वाढतांना आम्ही घरचा डबा नेतों, व त्याबद्दल कोणी नाक मुरडलें तर मुरडूं देतों.

एवढ्यावरहि काम संपत नाहीं, कारण भेसळ शेतापासूनच सुरू होते, आणि हा भाग आपल्या हातांतला आहे. गहूं व रब्बी ज्वारी एकाच सुमारास निघतात व एकच मळणीयंत्र गांवभर फिरतें. पूर्वींच्या शेतांतले गहूं त्याच्या पोटांत असतात ते आपल्या ज्वारींत पडतात. पोतींहि तींच. विकत घेतलेल्या ज्वारींत म्हणूनच गव्हाचे दाणे हटकून सांपडतात. ते सुपांत निवडून काढतां येतात, पण दररोज पांच दाण्यांच्या हिशेबानें निवडणें किती कठीण तें करणारीसच कळतें. खरिपाची ज्वारी या कामास आम्ही घेत नाहीं. दाणा भरतांना पाऊस लागला कीं ती काळी पडते, ती बुरशी असते. असें धान्य निरोग्यानेंहि खाऊं नये, मग ज्याचें आंतडें झिजलेलें आहे त्याची गोष्ट कशास?

ज्वारी कां सोडली, हें आम्हांस कोणीं सांगावयास नको. रानडुकरें एका रात्रींत ताटें आडवीं करतात, पांखरें कणसें रिकामीं करतात, राखणीस माणूस मिळत नाहीं आणि भाव कापसाच्या पासंगास पुरत नाहीं. तेव्हां सर्वांनीं ज्वारीकडे वळावें असा उपदेश आम्ही करीत नाहीं. घरच्या खाण्यापुरतें अर्धा एकर मात्र घराजवळच्या, नजरेंतल्या वावरांत होऊं शकतें. गेल्या वर्षीं आम्हीं हस्ताच्या सुमारास अर्ध्या एकरांत मालदांडी पेरली. कडेनें जुन्या साड्या बांधल्या, कणसें भरूं लागल्यावर पुतण्या व आम्ही पाळीपाळीनें मचाणावर झोपलों. डुकरांनीं एक कोपरा खाल्लाच. मळणीयंत्र न आणतां नव्या ताडपत्रीवर कणसें काठीनें झोडपलीं, नवीन पोत्यांत भरलीं, आणि पोत्यांस लाल दोरा बांधून तीं गव्हाच्या कणगीपासून दूर, वेगळ्या खोलींत ठेवलीं. कडबा बैलांस मिळाला. मुलीचें वर्षाचें धान्य निघून थोडी ज्वारी उरली, ती पुढच्या पेरणीच्या बियाण्यास राखून ठेवली आहे.